चव बघणारी मुलगी

सासू सुनेबद्दल चांगलं लिहायला बसली की वाचणाऱ्याला आधी संशय येतो. येऊ दे. मी एकसष्ट वर्षांची आहे, लग्न होऊन घाटकोपरच्या भटवाडीत आले त्याला चाळीस वर्षं होत आली आणि फटकळ बाई म्हणून आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत माझं नाव आहे. उगाच कोणाचं कौतुक करायची मला सवय नाही. तरी अक्षताबद्दल लिहावंसं वाटलं म्हणून आधी तिलाच विचारलं. ती म्हणाली, लिहा आई, पण स्वतःला सोडू नका. म्हणून मी स्वतःलाही सोडणार नाही.

अक्षता अंधेरीला एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. सकाळी मेट्रोने जाते, संध्याकाळी मेट्रोने येते. म्हातारी माणसं तिलाच शोधत येतात, कारण ती घाई करत नाही. भिंतीवरचं अक्षर दिसलं नाही की म्हातारी माणसं ओशाळतात, अंदाजाने काहीतरी ठोकून देतात. ती म्हणते, काका, परीक्षा नाही ही, दिसत नाही तर नाही म्हणा. आमचा सिद्धेश लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. त्या दुकानाच्या बिल्डिंगीतली लिफ्ट बिघडली तेव्हा हा तिथे गेला आणि नंतर महिन्याभरात तीनदा डोळे तपासून आला. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. चौथ्यांदा गेला तेव्हा तिनेच विचारलं, नक्की काय दिसत नाही तुम्हाला? दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरात लग्न झालं.

आता माझ्याबद्दल. दर एप्रिलमध्ये मी मालवणी मसाला करून देते, पन्नास-साठ किलोच्या ऑर्डरी असतात. हाताला चव आहे असं लोक म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, आहे. माझ्या घरातून कोणी उपाशी गेलेलं मला चालत नाही. नको म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक वडा टाकायचा, हे मी प्रेमच समजत आले.

पण माझे उपास फार. सोमवार, गुरुवार, संकष्टी. उपासाच्या दिवशी रांधायचं सगळ्यांसाठी, पण जिभेवर थेंब ठेवायचा नाही. पूर्वी चव बघायला मी आमच्या ह्यांना हाक मारायची. हे म्हणजे सहदेव, बँकेत शिपाई होते, आता निवृत्त. त्यांना पाणी दिलं तरी झकास म्हणतील, असल्या माणसाचा काय उपयोग? त्यामुळे सून आली तेव्हा मला हायसं वाटलं. लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी मी पळीने आमटीचा थेंब तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, "चव बघ गं, मीठ बरोबर आहे?"

मला वाटलं मी तिला मान दिला. नव्या सुनेला आमटीचा निकाल द्यायला लावणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. माझ्या सासूने मला पाच वर्षं चुलीजवळच्या डब्यांना हात लावू दिला नव्हता. अक्षता त्या थेंबाकडे बराच वेळ बघत राहिली, मग चाटला आणि म्हणाली, बरोबर आहे. चेहरा उतरला होता. मी मनात म्हटलं, लाजतेय. त्या दिवसापासून उपास असो नसो, रोज तिच्या हातावर थेंब पडायला लागला.

जेवताना ती कधी टेकायची नाही. कोणाला पाणी आण, पापड भाज, लिंबू चीर, असं काहीतरी काढून उठायची. तुम्ही बसा, मी मागून बसते, हे तिचं ठरलेलं वाक्य. ताटात चमचाभर भात. मी मात्र हे चार ठिकाणी मिरवत होते. आमची सून सगळ्यांना वाढते आणि मग जेवते, आजकालच्या मुली कुठे करतात असं? समोरच्या जानकीवहिनींना तर मी इतक्या वेळा ऐकवलं की त्यांच्या सुनेने माझ्याशी बोलणं कमी केलं.

लग्नाला सहा महिने झाले असतील. लॉकडाऊन होता, सगळे घरात कोंडलेले. एका दुपारी बाथरूममधून उलटीचा आवाज आला. नळ सोडलेला होता, पण माझे कान तिखट. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता नवी सून उलट्या करते म्हटल्यावर आमच्यासारख्या बाईने काय समजायचं? मी दाराच्या फटीतून जानकीवहिनींना सांगितलं, अजून कोणाला बोलू नका म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांवरून अभिनंदन आलं. मी साखर घातलेला शिरा केला आणि तिच्यासमोर वाटीभर ठेवला. ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी सिद्धेशने येऊन सांगितलं की तसं काही नाही. मला इतका राग आला तिचा! माझं हसं झालं ना बिल्डिंगीत. आधीच नाही सांगता आलं का, असं मी तिला चांगलंच सुनावलं. तिने माफी मागितली. उलट्या का होत होत्या, हे मी विचारलंसुद्धा नाही. बातमी खोटी निघाल्यावर माझा त्यातला रसच संपला होता.

पुढे तो नळ मी तीन-साडेतीन वर्षं ऐकला. पाणी वाया जातं म्हणून ओरडत राहिले.

दोन हजार तेवीसमध्ये बातमी खरी निघाली. ह्या खेपेला मी तोंडाला कुलूप लावलं होतं. सगळं छान होतं, फक्त वजन वाढत नव्हतं. पाचवा महिना लागला तरी काटा हलेना, उलट दीड किलो उतरला. डॉक्टरीणबाईंनी सिद्धेशला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर बाळाला जड जाईल. घरी आल्यावर मी कंबर कसली. डिंकाचे लाडू, नाचणीचं सत्त्व, तुपातला भात. ती सगळं निमूट खायची आणि तिचे हात काडीसारखे होत चालले. मला काही समजेना.

मग एका दुपारी ती कामावर असताना मी बाळासाठी दुपटी शिवायला मऊ जुनं कापड शोधत होते. तिच्या माहेरच्या साड्या पलंगाखालच्या बॅगेत आहेत हे मला माहीत होतं. बॅग उघडली. वर दोन साड्या, आणि खाली नुसती प्लास्टिकची पाकिटं. पावाची, खारीची, फरसाणाची, वेफर्सची. रिकामी. प्रत्येकाची छोटी चौकोनी घडी घातलेली. मी मोजायला लागले आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिलं.

मी ती बॅग घेऊन दारातच बसले. खरं सांगते, पहिला विचार तिचा आला नाही, माझा आला. लोक म्हणतील, रत्नप्रभा सुनेला उपाशी ठेवते, पोर चोरून पाव खाते. ती आली, चपला काढायच्या आत मी विचारलं, "माझ्या घरात तुला जेवायला कमी पडतं?"

तिने बॅग पाहिली आणि तिथेच जमिनीवर बसली, पर्स खांद्यालाच. रडली नाही. मला वाटलं होतं ती काहीतरी कारण सांगेल आणि मी तोंड सोडीन. पण ती बोलायला लागली आणि मला तोंड उघडायची वेळच आली नाही.

ती वाढली वाकोल्याला, चाळीतल्या दोन खोल्यांत. वडील श्यामसुंदर, औषधांच्या एका कंपनीत सुपरवायझर. बाहेर सगळे त्यांना देवमाणूस म्हणत. कोणाचं आजारपण असो, मयत असो, पुढे तेच. आम्हीसुद्धा सोयरीक करताना हेच ऐकलं होतं. पण रात्री जेवायला बसले आणि पहिला घास मनासारखा लागला नाही की ताट भिंतीवर जायचं, आणि मागोमाग हात बायकोवर. तिची आई रुक्मिणी, तिचेही उपास माझ्यासारखेच. म्हणून चव बघायचं काम मुलीचं. अक्षता आठ वर्षांची असल्यापासून आई तिच्या तळहातावर आमटी ठेवायची आणि विचारायची, नीट सांग हां, मीठ बरोबर आहे ना?

ती नीट सांगायची. जीभ दुखेपर्यंत तो थेंब तोंडात घोळवायची. कधी ताट जागेवर राहायचं, कधी उडायचं. उडालं की आई गाल धरून फरशी पुसताना एवढंच म्हणायची, तू बरोबर म्हणाली होतीस ना गं? ओरडायची नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं अक्षता म्हणाली. पंधरा वर्षांची झाली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की ह्याचा मिठाशी काही संबंध नाही, कंपनीत दिवस कसा गेला त्याच्याशी आहे. पण तोवर उशीर झाला होता. चार माणसं ताटावर बसली की तिचा घसा मिटायचा. मग सगळे झोपायच्या नादात असताना दाराआड उभी राहून ती पातेल्यातलं उरलेलं सगळं भराभर खायची, चव न घेता, पोट ताणेपर्यंत. मग भीती वाटायची, आणि बोट घालून ते बाहेर काढायची. बाराव्या वर्षापासून हे चालू. कॉलेजात असताना, लग्नात, माझ्या घरात. सिद्धेशला अर्धंच माहीत होतं, पोट नाजूक आहे म्हणून.

आणि हे सांगून झाल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तुम्ही मला रोज चव बघायला सांगू नका ना. प्लीज."

कोणीतरी तोंडात मारावी तशी मी बसून राहिले. चार वर्षं. रोज. माझ्या मते मानाने.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. आमच्याकडे सणावाराला पंगत बसली की मी एक किस्सा सांगायची. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात माझ्या सासऱ्यांनी बांगड्याच्या कालवणाचं ताट असं भिरकावलं की बांगडा थेट शेजाऱ्यांच्या उंबऱ्यात जाऊन पडला. मी हातवारे करून सांगायची, सगळे पोट धरून हसायचे. काय तो जुन्या माणसांचा दरारा, असं कौतुकाने. त्या वेळी अक्षता नेमकी पाणी आणायला उठलेली असायची, हे मला त्या संध्याकाळी आठवलं. आणि किश्श्यातला जो भाग मी कधीच सांगितला नव्हता तोही आठवला. तो बांगडा उचलून आणायला मी शेजाऱ्यांच्या दारात गेले होते, बावीस वर्षांची, हळदीचा रंग उतरलेला नव्हता. त्यांची लहान मुलगी माझ्याकडे बघत होती. त्या रात्री मी जेवले नाही. हे मी अक्षताला सांगितलं. तिने माझ्या मांडीवर हात ठेवला. दिवा लावायची वेळ टळून गेली.

रात्री सिद्धेशला सगळं सांगितलं आणि डॉक्टर गाठायचं त्याने ठरवलं. मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हटल्यावर मी आधी नाक मुरडलं, तेही लिहून टाकते. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनीच चिठ्ठी दिली होती. सरकारी हॉस्पिटलात एक डॉ. संघमित्रा म्हणून मुलगी बसते, मानखुर्दला वाढलेली, माझ्या भाचीच्या वयाची. पहिल्या भेटीत तिने अक्षताला एकटीला तासभर आत घेतलं, दुसऱ्या वेळी आम्हाला बोलावलं. ती म्हणाली, हा आजार आहे, खोड नाही, आणि हिच्यासारख्या बऱ्याच बायका येतात. सगळ्यांचं कारण सारखं नसतं. पण खूपजणींशी बोलत बोलत मागे गेलं की लहानपणीचा मार निघतो, नाहीतर नको तो हात, नाहीतर घरातली रोजची धास्ती. लहान मुलाच्या ताब्यात काही नसतं, तोंडात काय घालायचं आणि काय बाहेर काढायचं एवढंच असतं. मग ते तेच धरून बसतं आणि मोठेपणी सोडता येत नाही. ह्यांनी विचारलं, बरं होतं का? ती म्हणाली, वेळ लागतो, पण होतं, घरच्यांनी नियम पाळले तर.

नियम तिने एकेक करून सांगितले. दिवसातून तीनदा जेवण आणि दोनदा थोडं खाणं, ठरल्या वेळी, सगळ्यांनी एकत्र बसून. ज्याने त्याने आपलं वाढून घ्यायचं. ताटाकडे बघायचं नाही. जेवणावर बोलायचं नाही, अंगावर बोलायचं नाही. घे ना, एवढंच का, कसं झालंय, बारीक झालीस, भरलीस, ह्यातलं एक अक्षर नाही. आणि जेवणानंतर तासभर तिला एकटं सोडायचं नाही, पण पहारा केल्यासारखंही नाही. हे सांगून झाल्यावर डॉक्टरने मला विचारलं, "आणि तुम्ही कधी जेवता?" मी म्हटलं, सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी. ती म्हणाली, "आजपासून बसून जेवायचं."

माझ्यासारख्या बाईला जेवणावर बोलू नको म्हणणं म्हणजे काय, हे माझ्या जातीच्या बायकांनाच समजेल. पहिल्या आठवड्यात मी इतकं काही गिळलं की त्यावरच पोट भरावं. ह्यांची तऱ्हा वेगळी. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःचा भात स्वतः वाढून घेतला नव्हता. "माका वाढून घेवक जमणा नाय," असं म्हणत त्यांनी पहिल्या दिवशी डोंगराएवढा भात घेतला आणि टाकायची लाज वाटून सगळा संपवला. रात्रभर कुशी बदलत होते.

जेवणानंतरच्या तासाला सिद्धेशने पत्ते काढले. बदाम सात. तिने दुकानातून रजा घेतली होती, त्यामुळे रोज दुपारी मी आणि ती, रात्री चौघं. आमचे हे खेळताना पत्ते लपवतात, सरळ मांडीखाली घालतात, आणि पकडलं की बँकेत तीस वर्षं इमानदारीने काढल्याची शपथ घेतात. अक्षता आधी पत्ते नुसते हातात धरून बसायची, लक्ष बाथरूमच्या दाराकडे. मला दिसायचं. मी काही बोलायचे नाही, पत्ता टाक म्हणायचे. पंधरा-वीस दिवसांनी एकदा ह्यांची मांडी उचलून तिने तीन पत्ते बाहेर काढले आणि मोठ्याने हसली. त्या दिवशी तासाचा दीड तास झाला तरी कोणी उठलं नाही.

सरळ सुधारली असं नाही. दोनदा घसरली. एकदा सातव्या महिन्यात ओटीभरणाच्या दिवशी, बायकांनी तिच्या तोंडात बळेबळे बर्फी कोंबली तेव्हा. दुसऱ्यांदा बाळ झाल्यावर. पण दोन्ही वेळा स्वतः येऊन सांगितलं, आई, आज झालं. मी म्हटलं, बरं, चल, पाच वाजता चहाबरोबर खायचं आहे. ह्याहून शहाणं मला काही सुचलं नाही आणि डॉक्टर म्हणाली, ह्याहून शहाणं काही नसतंच. काटा हळूहळू चढला. चिऊ झाली तेव्हा अडीच किलोची होती, आणि तिच्या रडण्याने चौथा मजला जागा झाला. चव बघायचं आता आमच्याकडे बंद आहे. अधूनमधून आमटी अळणी होते, अधूनमधून खारट. कोणी मेलेलं नाही.

ती आता बसते. गरमागरम भातावर तूप घालून घेते आणि जेवता जेवता दुकानातल्या गमती सांगते. मी माझ्या ताटातलं खात तिचं ऐकते. मला एवढं सुख म्हातारपणी मिळेल असं वाटलं नव्हतं.

एक गाठ तेवढी राहिली होती. लग्नापासून अक्षता वडिलांसमोर एकदाही जेवली नव्हती. माहेरी गेली तर चहा घेऊन परतायची. ते आमच्याकडे आले तर नेमकी तिची ड्युटी असायची. चिऊला सहा महिने झाले आणि उष्टावण आलं. बाळाच्या तोंडात खिरीचा पहिला घास मामाने घालायचा अशी रीत, आणि अक्षताला भाऊ नाही. मग तो मान आजोबांचा. मी स्पष्ट सांगितलं, मला तो माणूस नको माझ्या टेबलाशी. वर्षभराची मेहनत एका दुपारी मातीत जाईल. सिद्धेशही माझ्या बाजूने होता. अक्षता डॉक्टरशी बोलून आली आणि म्हणाली, "बोलवा. मला त्यांच्यासमोर जेवायचंय."

रविवार होता. श्यामसुंदर आले ते पाहून मी चकितच झाले. साखरेच्या आजाराने पार उतरले होते, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. मागून रुक्मिणीबाई, हातात पेढ्यांचा पुडा. श्यामसुंदरांनी सोन्याच्या अंगठीने चिऊच्या जिभेवर खीर ठेवली. चिऊने मिटक्या मारल्या, मग अंगठीच धरून ठेवली, ते हसले. म्हातारा नातीशी खेळताना कोणालाही गोड वाटतो. मला तेव्हाही वाटला आणि त्याचाच राग आला.

मग पानं घेतली. काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, अळूवडी, वरणभात. देवाला नैवेद्य दाखवायचा म्हणून मी चव बघितली नव्हती. टेबलाला सहा खुर्च्या. ह्यांनी, सिद्धेशने, मी आपापलं वाढून घेतलं. अक्षता वडिलांच्या बरोबर समोर बसली. रुक्मिणीबाई बसल्या नाहीत. नवऱ्याच्या खुर्चीमागे पळी घेऊन उभ्या राहिल्या, नवऱ्याचं ताट त्यांनीच वाढलं, आणि त्याच्या हाताकडे बघत राहिल्या.

श्यामसुंदरांनी वड्याचा तुकडा आमटीत बुडवला, तोंडात घातला, आणि हात थांबला. भुवया जवळ आल्या. रुक्मिणीबाईंनी खुर्चीची पाठ धरली. मी अक्षताकडे बघायचं नाही असं ठरवलेलं असूनही बघितलं. तिचा घास हातातच होता. इतकी वर्षं तो नळ ऐकलेली मी, मला समजलं की आता ती उठणार.

"मीठ," ते म्हणाले.

अक्षताने घास तोंडात घातला. चावला. पूर्ण चावून गिळला. मग बोलली, डोळे तपासताना काकांशी बोलते तशाच आवाजात. "पप्पा, मीठ ताटात वाढलंय. लागेल तेवढं घ्या."

श्यामसुंदर ताटाकडे बघत राहिले. मी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, गरज पडली तर ते ताट धरायला, हे आता सांगायला हरकत नाही. पण त्यांनी बोटांच्या चिमटीत मीठ घेतलं, आमटीत टाकलं, ढवळलं आणि खाली मान घालून जेवायला लागले.

अक्षताने बाजूची रिकामी खुर्ची ओढली. "मम्मी, बस. जेव तूही," म्हणाली.

रुक्मिणीबाईंनी आधी नवऱ्याच्या डोक्याकडे बघितलं, मग लेकीकडे. पळी कुठे ठेवावी ते त्यांना समजेना. सिद्धेशने हात पुढे करून ती घेतली. त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या, पदर सावरला आणि स्वतःच्या हाताने एक वडा घेतला. जेवण होईपर्यंत मी उठले नाही, वाढलं नाही, आग्रह केला नाही. रुक्मिणीबाईंनी भात दोनदा मागून घेतला.